कुंडी हलली नाही, म्हणून सिनेमा झाला!

पहिल्या शॉटमध्ये चहाचा कप उजव्या हातात आणि पुढच्या शॉटमध्ये डाव्या. झालं, रीलची वाट लागली! महाळुंग्यात आमच्या रूमवर रात्री दोन वाजता असं काही सापडलं की सगळे टाइमलाइनवर तुटून पडतात. ट्रान्झिशन टाक, इफेक्ट टाक... पण घोळ एडिटमध्ये नसतोच, तो शूटवरच झालेला असतो. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला हे पक्कं कळलं होतं. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्म. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. मग फोटोग्राफी, छपाई असे बरेच उद्योग केले. गिरगावात ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने झपाटले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकले, कॅमेरा आणला. पण पैसे कोण देणार? मग पठ्ठ्याने कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले, महिनाभर! पडद्यावर रोप मिनिटाभरात वाढलं. कॅमेरा किंवा कुंडी बोटभर जरी सरकली असती, तर रोप उड्या मारत वाढलं असतं. ते पाहून पैसे मिळाले.

३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. घरी पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, ती धूत, तुकडे जोडत आणि वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाकही करत. आज दादासाहेबांच्या नावाने पुरस्कार आहे, सरस्वतीबाईंचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणांना माहितीये?

१९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर कमालच. राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच! राम वेगळा शूट केला, सीता वेगळी. तरी लोकांना दोन माणसं दिसली. राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढायचे, असं सांगतात.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

तेव्हा पुढच्या शूटला एवढंच करा. शॉट संपला की हलू नका, आधी मोबाईलवर एक फोटो काढा. कप कुठल्या हातात होता, ते तोच सांगेल.