हृदयात शिरलेले बोट

सतार शिकवताना माझा निम्मा वेळ मुलांच्या बोटांना वळण लावण्यात जातो. त्यामुळेच असेल, सर हेन्री साउटर या इंग्रज शस्त्रवैद्यांच्या चरित्रातील एका बोटाची हकीकत मला विसरता येत नाही.

साउटर यांचा जन्म १८७५ सालचा. ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणिताचा अभ्यास केला, वैद्यकाकडे ते मागाहून वळले आणि लंडन हॉस्पिटलात शस्त्रवैद्य झाले. पण अंगातला कारागीर गेला नाही. कित्येक हत्यारे ते स्वतःच बनवीत. १९१४ साली महायुद्ध पेटताच बेल्जममध्ये जाऊन त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या.

लहानपणी घसा सुजतो, मागून सांधे धरणारा ताप येतो. ताप जातो, पण कित्येकदा हृदयाच्या झडपा बिघडवून जातो. डावीकडच्या झडपेची पाती एकमेकांना चिकटली, की रक्ताला वाट अपुरी पडते आणि जिना चढतानाही धाप लागते. त्या काळच्या मोठमोठ्या वैद्यांचे मत असे, की खरा दोष हृदयाच्या स्नायूत आहे. मग झडपेला हात लावायचाच कशाला?

६ मे १९२५ रोजी साउटर यांनी एका तरुण मुलीची छाती उघडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात तर्जनी घातली. चिकटलेली पाती कापण्याचा बेत होता. पण बोटाला निराळेच कळले. झडप नीट मिटतच नव्हती, रक्त उलटे फिरत होते. कापले असते तर ती गळती वाढती. त्यांनी कापण्याचा बेत सोडला आणि नुसत्या बोटाने वाट रुंद केली. बोट खालच्या कप्प्यात जाताच रक्तदाब शून्यावर आला. बाहेर काढताना टाका सुटून रक्ताचा लोंढा उसळला, तोही बोटांनीच दाबून धरला. मुलगी घरी गेली, आणखी पाच वर्षे जगली.

आणि पुढे? असा दुसरा रोगी कोणा वैद्याने त्यांच्याकडे पाठवलाच नाही. मैफल रंगावी आणि पुन्हा बोलावणेच येऊ नये, हे गवयांच्या घरात आम्ही पाहिलेले आहे. पण इथे वाट पाहणारे रोगी होते, याचे मला अधिक वाईट वाटते. तेवीस वर्षे गेली. १९४८ साली फिलाडेल्फियात बेली, बॉस्टनला हार्कन आणि लंडनला ब्रॉक यांनी तीच वाट पुन्हा उघडली. पुढे आपल्या देशातही असंख्य रोगी या शस्त्रक्रियेने उठून चालू लागले.

१९४९ साली साउटर यांना 'सर' किताब मिळाला. १९६४ साली ते वारले. दुसऱ्या कोणाची झडप त्यांच्या बोटाला लागली नाही.