विश्वेश्वरय्या: धरणांपलीकडचे काम

भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घेतले की कृष्णराजसागर आणि खडकवासला ही धरणे आठवतात. त्यांची जयंती, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरी होते. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग शहरांचा पाणीपुरवठा आणि गटारे यांच्या आखणीत गेला, याचे स्मरण क्वचितच केले जाते. पाण्याचा साठा, मोकळी जमीन आणि सांडपाण्याची वाट यांचा विचार त्यांनी एकत्रितपणे केला. पुढे या तिन्हींची फारकत झाली आणि तिचे परिणाम त्यांच्याच बंगळुरूतील बनशंकरीसारख्या उपनगरांत दिसून येतात.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतल्यावर म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढल्याच वर्षी मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक नाशिकला झाली. नाशिक, धुळे आणि पुणे येथे त्यांच्या कामाची घडण झाली. महाराष्ट्राचे त्यांच्यावर आणि त्यांचे महाराष्ट्रावर असे दुहेरी ऋण आहे.

सिंधमधील सक्कर येथे नदीचे गढूळ पाणी स्वच्छ करून शहराला पुरवण्याचे काम त्यांनी १८९५ च्या सुमारास केले. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या त्यांच्या स्वयंचलित दारांमुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. प्लेगने मुंबई, पुणे आणि बंगळुरू या शहरांना घेरले होते, तो हा काळ. दाट वस्ती, तुंबलेली गटारे आणि हवा-उजेड नसलेल्या गल्ल्या यांच्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष प्रथमच गांभीर्याने वळले. मुंबई सरकारचे स्वच्छता अभियंता म्हणूनही विश्वेश्वरय्या यांनी काम पाहिले. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या पाहणीसाठी त्यांनाच पाठवण्यात आले.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी हैदराबादेत लागली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई सरकारची सेवा सोडलेल्या विश्वेश्वरय्या यांना निजाम सरकारने पाचारण केले आणि १९०९ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. पूर अडवण्यासाठी शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि ईसी या नद्यांवर जलाशय बांधावेत, शहरातून वाहणाऱ्या नदीचे काठ उंच करून तेथे उद्याने आणि रस्ते करावेत, तसेच संपूर्ण शहराला भुयारी गटारे करून मैलापाणी वस्तीबाहेर न्यावे, अशी ती योजना होती. नदीकाठची उद्याने ही तीत शोभेसाठी जोडलेली पुरवणी नव्हती. पुराला वाव देणारी आणि पुन्हा झोपड्या वा वाडे उभे राहू न देणारी ती राखीव जमीन होती.

उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. प्रत्यक्ष बांधकाम इतर अभियंत्यांनी केले. गटारांच्या कामासाठी विश्वेश्वरय्या यांना पुढे पुन्हा हैदराबादला जावे लागले. अशा भुयारी योजना खर्चिक असत, हा आक्षेप खोटा नव्हता. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या इंदूर अहवालात नेमकी हीच टीका केली आणि सांडपाणी बागांना देण्याचा मार्ग सुचवला. निजामाचा खजिना पाठीशी नसलेल्या लहान नगरपालिकांना विश्वेश्वरय्या यांचा मार्ग परवडणारा नव्हता, हे मान्य करावे लागेल.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. त्या पर्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बंगळुरूच्या पाण्यासाठी अर्कावती नदीवर तिप्पगोंडनहळ्ळी येथे १९३३ मध्ये जलाशय झाला, तोही त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरूत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बंगळुरू झपाट्याने पसरले. वरच्या अंगाच्या जमिनीवर वस्ती आणि कारखाने आले, पाणी आटत आणि दूषित होत गेले. २०१२ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा शहराला होणारा पुरवठा बंद झाला. हैदराबादच्या दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामांवर निर्बंध घालणारा आदेश १९९६ मध्ये निघाला. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारण्याच्या अटीवर ते निर्बंध उठवण्याचा निर्णय तेलंगणा सरकारने २०२२ मध्ये घेतला आणि वाद न्यायालयात गेला. जमीन मोकळी ठेवायची की शुद्धीकरण यंत्रणेवर विसंबायचे, असा पर्याय त्यात मांडला गेला. विश्वेश्वरय्या यांच्या अहवालात राखीव जमीन आणि गटारे ही दोन्ही एकाच योजनेची अंगे होती.

बनशंकरीतील पेच अधिक अवघड आहे. कर्नाटकच्या १९८५ च्या कायद्याने उद्याने आणि क्रीडांगणांना संरक्षण दिले आहे. परंतु सांडपाणी उताराकडे वाहते आणि शुद्धीकरण केंद्राला सोयीची जागा म्हणजे नेमके दरीच्या तळाचे तलाव आणि नाल्यांचे काठ, जे मोकळेच राहायला हवेत. बनशंकरीच्या पश्चिम भागाचा उतार वृषभावतीच्या खोऱ्याकडे आहे. जवळच्या बसवनगुडीतील नंदी मंदिरापाशी उगम पावणारी ही नदी शहराचे सांडपाणी घेऊन बैरमंगल तलावाकडे जाते आणि पुढे अर्कावतीला मिळते.