लाप्लास आणि पॅरिसच्या जन्मनोंदी

पियर-सिमाँ लाप्लास यांचा जन्म २३ मार्च १७४९ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. काँ विद्यापीठात गेलेल्या मुलाला मात्र गणिताने ओढून घेतले. १७७४ मध्ये त्यांनी दिसलेल्या परिणामांवरून अज्ञात कारणांची संभाव्यता काढण्याचे तत्त्व मांडले. टॉमस बेझ यांचा याच आशयाचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, इंग्लंडात छापला गेला होता. लाप्लास तेथे स्वतंत्रपणे पोहोचले.

तत्त्व सुटसुटीत, आकडेमोड मात्र दुस्तर. पॅरिसमध्ये १७४५ ते १७७० या काळात २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली जन्मल्याची नोंद होती. मुलगा होण्याची संभाव्यता खरोखरच निम्म्याहून अधिक आहे काय? उत्तर एका वक्राखालच्या क्षेत्रफळात दडलेले, आणि त्या वक्राच्या सूत्रात घातांक लाखांचे! हाताने ते सुटणे अशक्यच. लाप्लास यांच्या ध्यानात आले, की नोंदी जितक्या अधिक तितका वक्र एका टोकदार शिखराभोवती गोळा होतो. शिखराचा आकार कळला की क्षेत्रफळाचा अंदाज बांधता येतो. अडचण वाटणारी विपुलताच त्यांनी साधन केली. उलट शक्यता इतकी क्षुल्लक निघाली, की दशांशचिन्हानंतर एक्केचाळीस शून्ये आली.

१७९९ मध्ये नेपोलियनने त्यांना गृहमंत्री केले आणि सहा आठवड्यांत दूरही केले. कारभार हा त्यांचा प्रांत नव्हेच. ५ मार्च १८२७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

अनेक शिखरांचा वक्र त्यांच्या युक्तीला दाद देत नाही. तेथे संगणकाला यादृच्छिक नमुने वेचत फिरावे लागते. शिखर एकच असेल, तर अज्ञात राशी हजारोंनी असल्या तरी संख्याशास्त्रज्ञ आजही लाप्लास यांचीच वाट धरतात.