बेथोव्हेनचे कर्णे

आजचं श्रवणयंत्र कानामागे लपतं, नाहीतर थेट कानात बसतं. लुडविग व्हान बेथोव्हेनचं मात्र चांगलं हातभर लांब होतं!

१७७० साली जर्मनीतल्या बॉन गावी जन्मलेला हा गडी १७९२ मध्ये व्हिएन्नाला आला. पियानोवादक म्हणून नाव झालं, आणि तिशीच्या आतच कान दगा देऊ लागले. आधी वरचे सूर गेले. १८०२ मध्ये त्याने भावांसाठी निराशेचं एक लांबलचक पत्र लिहिलं, पण ते धाडलंच नाही.

पुढे भेटला मेल्झेल, म्हणजे १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेणारा कारागीर. त्याने १८१३ च्या सुमारास बेथोव्हेनसाठी धातूचे निरनिराळे कर्णे घडवले. काही हातात धरायचे, तर काहींना डोक्यावर बसणारी पट्टी, म्हणजे हात वाजवायला मोकळे. पण कर्ण्यात ना बॅटरी, ना अॅम्प्लिफायर. रुंद तोंडाने आवाज गोळा करून निमुळत्या नळीने कानात सोडायचा, बस्स. कानाची आतली यंत्रणाच बिघडली असेल तर तो तरी काय करणार? त्यात एका संगीतरचनेच्या हक्कावरून दोघांचं कोर्टापर्यंत भांडण झालं, ते वेगळंच.

१८२० मध्ये पियानोवरच आवाज परतवणारं टोपण बसवून पाहिलं. एव्हाना भेटायला येणारे वहीत लिहीत आणि तो तोंडी उत्तर देई. म्हणून त्या वह्यांत बहुतेक अर्धाच संवाद सापडतो.

७ मे १८२४ ला नववी सिम्फनी झाली. टाळ्या ऐकू येईनात, तेव्हा एका गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं. १८२७ मध्ये तो गेला. त्याचे कर्णे बॉनच्या त्याच्या जन्मघरातल्या संग्रहालयात आहेत.