वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा माग काढणारे डॉ. हार्वे कुशिंग

१९१० सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात २३ वर्षांची एक तरुणी आली. चेहरा गोल सुजल्यासारखा, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, कातडीवर जांभळट रेघा, अंगावर केस वाढलेले, पाळी कित्येक वर्षं बंद आणि डोकं सतत ठणकणारं. अशा बाईला आजसुद्धा खाणं कमी करायचा सल्ला देऊन लोक मोकळे होतात. डॉ. हार्वे कुशिंग यांनी मात्र तिला नीट तपासलं, फोटो काढले, एकूण एक तक्रार लिहून ठेवली. आजाराचं मूळ त्यांनाही सांगता येईना. उत्तराची जुळणी व्हायला पुढची जवळजवळ बावीस वर्षं गेली.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. दहा भावंडांत हे शेंडेफळ. पणजोबा, आजोबा, वडील सगळे डॉक्टर, त्यामुळे वाट ठरलेलीच होती. पण हार्वर्डला शिकत असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रोगी टेबलावरच दगावला. शिकाऊ पोराच्या हाती ईथर देऊन उभं करायचं, ही तेव्हाची रीतच होती. कुशिंग हादरले, डॉक्टरकीच सोडायला निघाले. मग सावरून, कॉडमन या वर्गमित्राबरोबर, भूल दिलेल्या रोग्याची नाडी आणि श्वास थोड्या थोड्या वेळाने कागदावर मांडायला त्यांनी सुरुवात केली. आज भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याची सुरुवात ही अशी झाली. १९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हियाहून रक्तदाब मोजायचा पट्टा त्यांनी अमेरिकेत नेला, नि तोही आकडा नोंदींत आला. नोंद ठेवायची ही खोड जन्मभर सुटली नाही.

आता त्या ग्रंथीविषयी. पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी, ही मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या छोट्याशा खळग्यात बसलेली असते. आकार जेमतेम वाटाण्याएवढा, पण थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, पाळी, शरीराची वाढ या सगळ्यांचा लगाम तिच्या हाती. १९०९ मध्ये लंडनच्या संग्रहालयात आयर्लंडच्या चार्ल्स बर्न या अठराव्या शतकातल्या राक्षसी उंचीच्या माणसाची कवटी आर्थर कीथ आणि कुशिंग यांनी उघडून पाहिली. पीयूषिकेचा खळगा चांगलाच रुंदावलेला होता. त्याच वर्षी हातपाय, जबडा वाढत चाललेल्या एका शेतकऱ्यावर कुशिंग यांनी शस्त्रक्रिया केली.

नाकामागून तिथवर जायची वाट त्यांची स्वतःची नव्हे, ती १९०७ मध्ये ऑस्ट्रियात श्लोफर यांनी पहिल्यांदा चोखाळली. कुशिंग यांनी वरच्या ओठाखाली चीर देऊन ती सुधारली. अँटिबायोटिक नाहीत, स्कॅन नाही, डोक्याला बांधलेला दिवा तेवढा, अशा काळात १९१० ते १९२५ दरम्यान २३१ रोग्यांवर त्यांनी या वाटेने शस्त्रक्रिया केल्या. त्यांत सुमारे साडेपाच टक्के दगावले. त्या काळी हे प्रमाण थोडंच म्हणायचं. पुढे ते स्वतःच कवटी उघडून जाणाऱ्या वाटेकडे वळले. मग बाकीच्यांनीही नाकामागची वाट सोडली. एडिंबरोत डॉट आणि पॅरिसमध्ये गियो यांनी ती जपली, म्हणून १९६० च्या दशकात मॉन्ट्रियलच्या हार्डींना सूक्ष्मदर्शकाखाली ती पुन्हा वापरता आली.

माणूस सोपा नव्हता. हाताखालच्या डॉक्टरांवर असा बरसायचा की चांगले चांगले टेकीला यायचे. १९२६ च्या जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. फोनवर बातमी आली, त्यांनी बायकोला कळवलं आणि ठरलेली शस्त्रक्रिया करायला गेले. याला कर्तव्य म्हणायचं की आणखी काही, वाचकांनी ठरवावं. गुरू विल्यम ऑस्लर यांचं त्यांनी लिहिलेलं चरित्र त्याच वर्षी पुलित्झर घेऊन गेलं. नोबेलसाठी नाव अनेकदा गेलं, मिळालं नाही.

१९३२ मध्ये ती बाल्टिमोरची तरुणी पुन्हा पुढे आली. स्वतःचे आणि इतर डॉक्टरांनी नोंदवलेले मिळून असे बारा रोगी कुशिंग यांनी एकत्र मांडले. त्यांतल्या काहींच्या शवविच्छेदनात पीयूषिकेत बारीकशी गाठ सापडली होती. या आजाराचं मूळ तिथेच, असं त्यांनी मांडलं. ते पूर्ण खरं नव्हतं. अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीनेही हेच होतं, आणि आज सर्वांत जास्त होतं ते स्टेरॉइडची औषधं दीर्घकाळ घेतल्याने. सांधेदुखीवर, दम्यावर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या गोळ्या महिनोन्महिने गिळणारी माणसं आपल्या गावांतही आहेत; गाल भरले की तब्येत सुधारली असं समजतात. बरं, अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचंच. डॉक्टरांना विचारूनच काय ते करावं.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने कुशिंग गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक लहानशी गाठ निघाली, जिवंतपणी तिचा त्रास झालेला नव्हता. त्यांनी बरण्यांत जपलेले मेंदूंचे नमुने आणि रोग्यांच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह पुढे येल विद्यापीठातल्या एका वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. २०१० पासून त्या तिथल्याच वैद्यकीय ग्रंथालयात मांडून ठेवल्या आहेत.