साखरेवर बोट ठेवणारे जॉन युडकिन एकटे का पडले?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' आलं की डॉक्टर आधी विचारतात, दारू घेता का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, गोड किती खाता?

साखर आणि यकृताचं हे नातं ज्यांनी लवकर ओळखलं, त्यातले एक होते ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन. जन्म १९१०, लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात. वडील लवकर गेले. स्कॉलरशिपवर केंब्रिज गाठलं आणि पुढे लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये पोषणशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तेव्हा हृदयविकारासाठी सगळा दोष तेला-तुपावर टाकला जात होता. अमेरिकेचे अॅन्सेल कीज यात आघाडीवर होते. १९५७ मध्ये युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की ब्रिटनमधले हृदयविकाराचे मृत्यू फॅटपेक्षा रेडिओ-टीव्हीच्या लायसन्सच्या आकड्यांशी जास्त जुळतात! टीव्हीमुळे अटॅक येतो, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. दोन आकडे सोबत वाढले म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, एवढाच मुद्दा.

मग त्यांनी उंदरांना साखर खाऊ घातली. उंदरांचं यकृत मोठं झालं.

असं का होतं? साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज असतं. ग्लुकोज शरीरभर वापरलं जातं. फ्रुक्टोजचा बराचसा भार मात्र यकृतावर येतो आणि ते जास्त झालं की यकृत त्याची चरबी बनवतं.

१९७२ मध्ये त्यांनी साखरेविरुद्ध पुस्तकच लिहिलं. कीज यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. साखर उद्योगाच्या एका संस्थेने तर पुस्तकाला विज्ञानकथा ठरवलं. युडकिन कायद्याने लढले आणि १९७९ मध्ये संस्थेला शब्द मागे घ्यावे लागले. पण तोवर 'फॅट वाईट' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

खरं सांगायचं तर युडकिन सगळ्याच बाबतीत बरोबर नव्हते. सॅच्युरेटेड फॅट आजही बेतानेच खायला सांगतात आणि फॅटी लिव्हरला एकटी साखर जबाबदार नसते.

१९९५ मध्ये ते गेले. २००९ मध्ये अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट लस्टिग यांचं साखरेवरचं लेक्चर यूट्यूबवर व्हायरल झालं, २०१२ मध्ये युडकिन यांचं पुस्तक पुन्हा छापलं गेलं. २०१६ मध्ये जुनी कागदपत्रं बाहेर आली: १९६०च्या दशकात साखर उद्योगाने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे देऊन फॅटवर खापर फोडणारा लेख लिहून घेतला होता.