हार्वर्डचा पहिला डीन आणि त्याचे दफ्तर

आज आपल्या वस्तीतल्या चार घरांपैकी एका घरात तरी एम.बी.ए. झालेला मुलगा किंवा मुलगी सापडते. ही पदवी ज्या शाळेने सुरू केली ती अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूल, आणि त्या शाळेचे पहिले डीन एडविन फ्रान्सिस गे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले. आमची सगळी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावक, टिपण्या आणि रेकॉर्ड रूम यांच्यात गेली. गे यांचेही आयुष्य कागदांतच गेले. फरक एवढाच की त्यांनी त्या कागदांना बोलते केले.

गे यांचा जन्म १८६७ साली डेट्रॉइट येथे झाला. १८९० मध्ये मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन ते इतिहास शिकायला युरोपात गेले, आणि तिथे बारा वर्षे राहिले! लाइपझिग, झुरिच, फ्लॉरेन्स, बर्लिन अशी विद्यापीठे व ग्रंथालये पालथी घातली. बर्लिनला गुस्ताव श्मोलर हे त्यांचे गुरू. १९०२ मध्ये पीएच.डी. हाती आली तेव्हा वय पस्तिशीला टेकले होते. आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणाले असते ते वाचकांनीच ठरवावे.

या बारा वर्षांचे फळ मात्र पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील जमीनदारांनी शेतजमिनींना कुंपणे घातली, कुळे हुसकावली, गावेच्या गावे ओस पडली आणि तिथे मेंढ्या चरू लागल्या, असे त्या काळचे लेखक व धर्मोपदेशक आक्रोश करून सांगत. पुढच्या इतिहासकारांनी तेच उचलले. गे यांनी १५१७ आणि १६०७ च्या सरकारी चौकशीचे मूळ कागद काढले आणि एकर मोजत बसले. १४५५ ते १६०७ या काळात, चोवीस परगण्यांत मिळून, कुंपणात गेलेली जमीन निघाली एकूण क्षेत्राच्या तीन टक्क्यांहूनही कमी. हुसकावलेल्या कुळांचे दुःख यामुळे कमी होत नाही, आणि हे आकडे अपुरे आहेत असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतलाही. पण ओरड आणि मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी दाखवले. याच सुमारास आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दफ्तरे गोळा करीत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. दोघांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता, पण जात एकच, कागदाशिवाय बोलायचे नाही.

हार्वर्डमध्ये आर्थिक इतिहास शिकवणाऱ्या या प्राध्यापकावर १९०८ मध्ये वेगळेच काम येऊन पडले. विद्यापीठात आधी विचार चालला होता तो परराष्ट्र खाते व सरकारी सेवा यांसाठी माणसे तयार करणाऱ्या शाळेचा. ती कल्पना बदलत बदलत व्यापाराच्या शाळेवर आली. (म्हणजे आमच्यासारख्यांसाठी निघालेली शाळा मॅनेजर लोकांनी नेली, असे आम्ही गमतीने म्हणतो.) गे यांनी स्वतः कधी दुकान चालवले नव्हते की कारखाना. तरी डीन तेच झाले. १९०७ च्या आर्थिक संकटाने बाजार नुकताच कोसळलेला होता. पाच वर्षे, दर वर्षी २५ हजार डॉलर, एवढ्या हमीवर प्रयोग सुरू झाला. पहिल्या वर्षी १५ शिक्षक, ३३ नियमित विद्यार्थी आणि निवडक विषयांपुरते आलेले ४७. व्यापाराची शाळा याआधीही निघाली होती, पण प्रवेशालाच पदवी हवी अशी अट घालून पुढे एम.बी.ए. देण्याचा घाट इथेच प्रथम घातला गेला.

शिकवायचे काय, हा खरा पेच होता. पुस्तके नव्हती. हिशेब आणि कराराचा कायदा शिकवता येई, पण धंदा कसा शिकवायचा? गे यांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे फ्रेडरिक टेलर यांना गाठले. कामगाराची एकेक हालचाल घड्याळ लावून मोजणारे हेच ते टेलर. हे शास्त्र वर्गात शिकवता येणार नाही, कारखान्यातच शिकावे लागते, असे त्यांचे मत. तरी १९०९ पासून ते दर वर्षी येऊन व्याख्याने देऊ लागले. दुसरी वाट आर्च शॉ या शिकागोच्या मासिक प्रकाशकाने दाखवली. १९११ पासून धंदेवाईक मंडळी वर्गात येत, आपल्या धंद्यातली प्रत्यक्ष अडचण मांडत, विद्यार्थी तिच्यावर लेखी तोडगा देत, आणि तोच गृहस्थ परत येऊन त्यावर चर्चा करी. आज जगभर जिला केस पद्धत म्हणतात तिचे बी हे. तिचा वृक्ष झाला तो मात्र गे यांच्यानंतरचे डीन वॉलेस डोनम यांच्या काळात.

आम्हाला सर्वांत भावते ती जोड्यांच्या दुकानांची गोष्ट. माल कारखान्यातून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत किती खर्च होतो, हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९११ मध्ये गे यांनी शाळेत संशोधन विभाग उघडला आणि पहिला धंदा घेतला किरकोळ जोडेविक्रीचा. माणसे दुकानोदुकानी गेली तेव्हा कळले, की कोणाच्याही वह्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. एक दुकानदार स्वतःचा पगार खर्चात धरी, दुसरा धरत नसे. स्वतःच्या जागेचे भाडे कोणी मांडी, कोणी नाही. तुलना कशाची करणार? मग आधी सर्वांसाठी एकच हिशेबपद्धत तयार केली, आकडे गुप्त ठेवण्याचा शब्द दिला आणि १९१३ मध्ये पहिले पत्रक छापले. पुढच्याच वर्षी किराणा दुकानांची पाळी आली. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या डीनने जोडेविक्याच्या वहीत डोके घालावे, हे तेव्हा अनेकांना हसण्यासारखे वाटले असेल. आमच्या मते तिथेच त्यांची उंची दिसते.

१९१३ लाच मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. डॉ. आंबेडकर तिथे १९१८ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा गे शाळेत नव्हते. महायुद्धाने त्यांना वॉशिंग्टनला ओढले होते. अमेरिकेचे सैन्य फ्रान्सला न्यायला जहाजे कमी पडत होती, आणि जहाजे माल वाहण्यात गुंतलेली. कोणता माल देशाला हवाच, कोणत्यावाचून चालेल, हे मालागणिक ठरवून जहाजे मोकळी करायची होती. व्यापारी आपापला माल सोडायला तयार नसत. गे यांच्या आकडेवारीच्या विभागाने एकेका मालाची टाचणे केली आणि आयात छाटली. वर्षअखेरीपर्यंत युद्धखात्यांच्या आकडेवारीचा बहुतेक कारभार त्यांच्याकडे आला. आणि युद्ध थांबताच, १९१९ मध्ये, हे केंद्रीय कार्यालय गुंडाळले गेले. शांततेच्या काळातही असे खाते असावे म्हणून त्यांनी केलेला प्रयत्न फुकट गेला. तयार झालेली कचेरी एका आदेशाने मोडते तेव्हा काय वाटते, ते सरकारी नोकराला विचारावे.

मग जे सरकारात जमले नाही ते बाहेर करायचे ठरले. १९२० मध्ये नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था उभी राहिली, गे तिचे पहिले अध्यक्ष. संचालकांत परस्परविरोधी मतांची माणसे मुद्दाम बसवली आणि पहिला विषय घेतला, अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न किती. संस्था आजही चालू आहे.

पण त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कचे ‘ईव्हनिंग पोस्ट’ हे दैनिक चालवायला घेतले आणि तिथे हात पोळले. धंद्याच्या शाळेचा हा माजी प्रमुख वर्तमानपत्राचा तोटा भरून काढू शकला नाही. पत्र विकले गेले, अंगावर कर्ज राहिले. १९२४ मध्ये ते हार्वर्डला परतले ते डीन म्हणून नव्हे, आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक म्हणून. योगायोग असा, की चार्ल्स नदीपलीकडे शाळेच्या नव्या इमारतींसाठी जॉर्ज बेकर यांनी पन्नास लाख डॉलर दिले तेही १९२४ लाच. त्यांचे श्रेय डोनम यांना गेले, आणि ते योग्यच होते.

गे यांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही. निबंध मोजके, कारण शेवटचा कागद पाहिल्याशिवाय लेखणी उचलायची नाही हा स्वभाव. विद्यार्थी मात्र खूप घडवले. अमेरिकेतल्या आर्थिक इतिहासकारांच्या संघाचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले ते उगीच नव्हे. १९३६ मध्ये निवृत्त होऊन ते कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात जाऊन बसले. तिथे इंग्लंडच्या टेंपल या जमीनदार घराण्याचे दफ्तर होते. त्या घराण्याने कर्जे कशी केली आणि ती कशी निस्तरली यावर त्यांनी बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास निबंध लिहिला. स्वतः कर्ज सोसलेल्या माणसाला तो विषय किती जवळचा वाटला असेल!

फेब्रुवारी १९४६ मध्ये पॅसाडेना येथे ते वारले. डीन असतानाच्या त्यांच्या कचेरीचा पत्रव्यवहार आज त्याच शाळेच्या बेकर ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे, अनुक्रमांक लावून, पेट्यांत घालून.